फ्रेममधली लक्ष्मी

"माणसाचं नुसतं पाऊल दाखवा, अख्खं खानदान सांगतो!" अविनाशराव हे अशा थाटात म्हणायचे की समोरचा मुकाट्याने पाय सोफ्याखाली ओढून घ्यायचा.

निवृत्त झाल्यापासून त्यांना नवीन पनवेलच्या त्या सोसायटीत दुसरा उद्योगच नव्हता. सकाळी मोबाइलवर एखादा डॉक्टर बघायचा आणि संध्याकाळपर्यंत स्वतः डॉक्टर होऊन बसायचं. मणका झाला, यकृत झालं. आता पाळी तळपायांची होती.

त्यांच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक सोनेरी फ्रेम होती. लग्नाच्या दिवशी सून मनस्वी माप ओलांडून आत आली, परातीतल्या कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून पांढऱ्या कापडावरून चालली, त्या कापडातली दोन पावलं कापून ही फ्रेम केलेली. निवड अर्थात अविनाशरावांची! पत्नी सुनीताबाई सांगत होत्या, ही नाजूक पावलं घ्या म्हणून.

"ती मध्येच तुटलीयत. लक्ष्मी काय अशी अर्धवट येते? ही बघ, टाचेपासून बोटांपर्यंत कशी भरलेली!"

तेव्हापासून रोज सकाळी त्या पावलांना अगरबत्ती, नमस्कार आणि दर शुक्रवारी झेंडूचा हार.

त्या शुक्रवारीही हात जोडलेले होते आणि मोबाइलवर डॉक्टर चालू होता. डॉक्टर म्हणाला, ओल्या पायाचा ठसा मध्ये रिकामा राहिला तर पायाला कमान आहे. सगळाच्या सगळा उठला तर पाय सपाट. अविनाशरावांनी वर पाहिलं आणि हार त्यांच्या हातातच राहिला.

"सुनीता! फसवलं आपल्याला! ही पावलं नाहीत, उलथणी आहेत!"

"अगंबाई! मग इतके दिवस उलथण्यांना हार घालत होतात का?"

पण विनोद कळायला डोकं रिकामं लागतं, आणि अविनाशरावांच्या डोक्यात उपचार भरले होते. त्यांनी आपली चप्पल काढून थेट फ्रेमवर धरली. सुनीताबाई किंचाळल्या, "अहो, लक्ष्मीला चप्पल दाखवता!"

"माप घेतोय! आधाराचे सोल मागवायचेत. बघ, अगदी माझ्याच चपलेएवढा पाय!"

इतकं समोर असूनही गड्याची ट्यूब पेटली नाही!

मनस्वी घरी आली ती शिटी गळ्यात घालूनच. ती शाळेत मुलींना कबड्डी शिकवायची. सासऱ्यांनी तिला उंबऱ्यातच गाठलं.

"रोज पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करायचा. तळव्याखाली बाटली फिरवायची. आणि उद्यापासून कबड्डी बंद!"

"बाबा, माझे पाय ठणठणीत आहेत."

"मग ओल्या पायाने फरशीवर उभी राहून दाखव!"

"का म्हणून? मी काय बाजारात आणलेली म्हैस आहे?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. वरदला नेमका त्याच क्षणी चार्जर सापडेनासा झाला. असला नवरा असण्यापेक्षा चार्जर बरा, निदान भिंतीला तरी लागतो!

मनस्वी आत गेली आणि बॅग भरून बाहेर आली. "कबड्डी सोडणार नाही, पायही दाखवणार नाही. चूक कबूल करा, नाहीतर मी चालले माहेरी, विचुंब्याला. परत येणार नाही!"

सुनीताबाई दार अडवून उभ्या राहिल्या. एवढी गुणी सून, आणि ती या माणसाच्या मोबाइलपायी जाणार? अविनाशरावांनी मात्र शांतपणे फोन लावला. "काशीरामशेठ, मुलीचे पाय सपाट आहेत हे लग्नाआधी सांगायचं असतं!"

चहा गाळून होईपर्यंत काशीरामशेठची गाडी गेटला आडवी लागलीसुद्धा. गळ्यात जाड साखळी, हातात पेन ड्राइव्ह.

"काय बोललाव, व्याही? माजी पोर राज्याकडनं खेलली हाय! ती काय अशीच? हा लग्नाचा विडिओ. लावा, आनि बघा माजी पोर कशी चालतं ती!"

"लावा! पुरावाच होईल!" अविनाशराव गरजले.

टीव्हीवर मनस्वी आली. परातीतून कापडावर पाय टाकत पुढे गेली. मागे उमटलेली पावलं मध्ये बारीक होती, कमान स्पष्ट दिसत होती.

"हीच ती तुटकी!" सुनीताबाई ओरडल्या.

तेवढ्यात पडद्यावर खुद्द अविनाशराव अवतरले. व्हिडिओवाल्याला हातवारे करत, उलटे चालत! "तोंड नको रे, पाय घे पाय!" मागून सुनीताबाईंचा आवाज: "अहो, परात! परात!" "तू मध्ये बोलू नकोस!" आणि छपाक! मग कापडावर एक डावं पाऊल, एक उजवं. टाचेपासून बोटांपर्यंत भरलेलं. शेवटी स्वारीने लाल पाय पायपुसण्याला पुसले आणि पुन्हा व्हिडिओवाल्यावर डाफरली.

काशीरामशेठनी फ्रेमकडे पाहिलं, मग व्याह्यांच्या पायांकडे. मग सावकाश वाकून त्यांनी दोन्ही हात जोडले.

"लक्षुमीबाय, पाया परतो!"

"कॅमेऱ्याचा अँगल चुकलाय," अविनाशराव मिशीतल्या मिशीत पुटपुटले.

मनस्वीने बॅग उचलली.

"चुकलं! माझं चुकलं!"

बॅग खाली आली. सुनीताबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

नंतर सुनेनेच त्यांना डॉक्टर आभांकडे नेलं. आभाबाई म्हणाल्या, "पाय सपाट असणं हा काही गुन्हा नाही. दुखत नसेल तर काही करायचं नसतं. तुमच्या टाचा मात्र दुखतात ना?" गेली कित्येक वर्षं दुखत होत्या, आणि शिव्या खात होता बिचारा चपलेचा दुकानदार! आता रोज सकाळी अविनाशराव बाल्कनीत बोटांनी टॉवेल गोळा करतात. सून शेजारी शिटी घेऊन उभी असते आणि टॉवेल सुटला की वाजवते. सुनेसाठी मागवलेले सोल त्यांना छान बसले.

फ्रेम मात्र तिथेच आहे. सुनीताबाई काढू देत नाहीत. परवा एक पाहुण्या कौतुकाने म्हणाल्या, "अय्या, सूनबाईंची पावलं का?"

"छे हो! आमच्याकडे त्या दिवशी दोन लक्ष्म्या आल्या," सुनीताबाई म्हणाल्या. "ही मिशीवाली."