माळ्यावरचा डबा

दिवसभर शिक्के मारून कारकुनाचा खांदा भरून आला होता. घरी येताना जीव होता तो माळ्यावरच्या गंजक्या डब्यात. त्यात त्याने केकचा एक तुकडा लपवला होता. रक्तातली साखर वाढल्यापासून बायको त्याला रोज एकच पौष्टिक बिस्किट द्यायची, आणि ते चावताना पुठ्ठा खाल्ल्यासारखं वाटायचं.

"बाबा, बरं झालं आलात! हे थर्मामीटर धरा."

ओट्यावर दोन विटांच्या आधाराने तोच डबा पाणी भरून ठेवला होता.

"शाळेचा प्रयोग आहे," मुलगी म्हणाली. "खाली पदार्थ जाळायचा. पाणी जितकं तापेल तितकी त्यात ऊर्जा. आणि गंमत म्हणजे डब्यात केक निघाला!"

"केक कोणी आणला?" बायकोने कढईवरची नजर न काढता विचारलं.

"मागच्या भाडेकरूंचा असेल."

"आणि अजून मऊ?"

कारकून थर्मामीटर पुसायला लागला.

"मग आधी तोच जाळ," बायको म्हणाली.

सुईवर टोचलेला केक पेटेना, नुसता धुमसत राहिला. कारकुनाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुरानेच असं सगळ्यांनी धरून चाललं. पारा जेमतेम हलला.

"बघ, काही नाही त्यात!" कारकुनाला एकदम जोर चढला. "उगाच बदनाम केलंय बिचाऱ्या केकला. आता माझं बिस्किट लाव, तेवढ्याच वजनाचं."

मुलीने पाणी बदललं. बिस्किट भडकन पेटलं आणि पारा सरसर वर गेला. कारकून खांदादुखी विसरला.

"पाहिलंस तुझं पौष्टिक?"

बायकोने पाहिलं. हात पुसले, बिस्किटांचा पुडा उचलला आणि शेजारणीकडे देऊन आली.

"बरं झालं दाखवलंत. उद्यापासून बिस्किटही बंद."

कारकून मटकन स्टुलावर बसला. मुलगी हळूच जवळ आली.

"बाबा, केक ओलसर होता, म्हणून जळला नाही. प्रयोग फसला."

"अगं, मग आईला सांग ना!"

"सांगितलं. ती म्हणाली, मग दोन्ही बंद."

कारकुनाने डब्यातलं गरम पाणी घमेल्यात ओतलं. पायाचे अंगठे बुडतील एवढंच होतं. त्याने पाय सोडले, डोळे मिटले. बिस्किट एकदाचं अंगी लागलं.