मिठाच्या बरणीवरची रेघ

भिंगकाकांच्या मते त्यांच्यासारखा शोधक दुसरा झाला नव्हता. गरुडाची नजर, सशाचे कान आणि बर्फासारखं थंड डोकं, असं वर्णन ते स्वतःच करत, कारण दुसरं कोणी करत नसे. नजरेचं म्हणाल तर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि उजव्यात पिकायच्या बेतात होता. डोकं थंड असतं तर रक्तदाब वर गेला नसता. कान मात्र खरंच चांगले होते. काकू मनातल्या मनात काय म्हणतात तेही त्यांना ऐकू येई.

छापखान्यात चौतीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली, हातात भिंग आणि कानावर लाल पेन्सिल. आरोग्यावरचा एक जाडजूड ग्रंथ त्यांनी तीनदा वाचला होता. त्यातलं आरोग्य त्यांना आठवत नसे, चुका मात्र पानांसकट आठवत. निवृत्तीनंतर ते इमारतीतल्या भानगडींचा तपास करू लागले. एकही भानगड सुटली नाही, पण एकही त्यांनी अर्ध्यावर सोडली नाही.

आताचं प्रकरण घरचं होतं. वाढलेल्या रक्तदाबामुळे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोनदा पुढे गेली होती. तिसरी तारीख महिनाअखेरीची होती. तीही हुकली तर पुढची चार महिन्यांनी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काकांना आता भिंगाशिवाय मथळेसुद्धा लागत नसत. ज्याचा जन्म अक्षरांत गेला त्याला अक्षरच दिसेनासं झालं तर त्याने दिवसभर करायचं काय, हा विचार त्यांची पाठ सोडत नसे. काका घाबरले होते. ते कळू नये म्हणून त्यांनी तपास हाती घेतला.

"मीठ बंद, गोळी वेळेवर, रोज फिरणं. तरी एकशे सत्तर. यात घातपात आहे," ते म्हणाले.

"फिरणं म्हणजे बाल्कनीतून हॉलमध्ये ना?" मदतनीस म्हणाली. मदतनीस म्हणजे काकू. बेचाळीस वर्षं त्या या जागेवर होत्या आणि बढतीची आशा त्यांनी सोडली होती.

पहिला संशय ॲड्रिनल ग्रंथींवर गेला. "दोघी आहेत. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोप्यांसारख्या बसतात आणि तिथून रक्तदाबाची सूत्रं हलवतात. आजवर कुणी त्यांची साधी चौकशी केलेली नाही."

खालच्या मजल्यावरच्या व्यायामशिक्षकाने यावर उपायही, पहिली तारीख हुकली तेव्हाच, सांगितला होता. व्हिटॅमिन सी घ्या, भरपूर घ्या, ग्रंथी निवतात आणि दाब उतरतो. काकांनी तेव्हाच गोळ्यांची नळी आणली, भिंग लावून लेबल दोनदा वाचलं आणि समाधानाने मान डोलावली. पाण्यात टाकली की गोळी फसफसे आणि पाणी केशरी होई. विचार करताना गुप्तहेराच्या हातात काहीतरी हवं. पाइपने काकांना ठसका लागे, म्हणून ते हा ग्लास धरू लागले.

दाब उतरला नाही. मग संशय दवाखान्यातल्या नर्सवर गेला, कारण ती पट्टा मुद्दाम आवळते. त्यानंतर वरच्या मजल्यावरच्या शिंप्यावर, कारण त्याच्या मशीनच्या ठेक्यावर आपलं रक्त धावतं. शिंप्याच्या सुट्टीच्या दिवशी आकडा आणखी दोनने चढला. एकेक संशय फोल ठरला की जास्त खोल विचार करावा लागे, आणि खोल विचाराला एक ग्लास पुरत नसे. काका दिवसाला पाच ग्लासांवर गेले.

उरली मदतनीस. जड मनाने काकांनी मिठाच्या बरणीवर, मीठ होतं तिथे, लाल पेन्सिलीने बारीकशी रेघ मारली. आठवड्याने पाहिलं तर मीठ रेघेवरच.

"कणभरही उतरलेलं नाही," काका स्वतःशी पुटपुटले. "दोन माणसांच्या घरात मीठ संपत नाही, याचा अर्थ एकच. दुसरी, गुप्त बरणी आहे."

ती त्यांनी माळ्यावर शोधली, कपाटात शोधली, शिवणाच्या डब्यातही शोधली.

"काय हरवलंय?" काकूंनी विचारलं.

"आत्ताच सांगता येणार नाही."

"बरं. माझी कात्री दिसली तर तेवढी सांगा."

शस्त्रक्रियेच्या दहा दिवस आधी तपासणी होती. नर्सने पट्टा बांधला आणि आकडा बघून सुस्कारा सोडला. एकशे चौऱ्याहत्तर.

"आणखी काही औषध घेता का?"

"औषध असं नाही," काका म्हणाले.

काकूंनी पिशवीतून नळी काढून टेबलावर ठेवली. "हे घेतात. पाच वेळा."

नर्सने नळी फिरवली आणि भिंगाशिवाय वाचली. "अहो, ही गोळी फसफसते ती सोडियममुळे. एका गोळीत जवळजवळ ग्रॅमभर मिठाएवढं आहे. पाच गोळ्या म्हणजे रोज चमचाभर मीठ पिताय तुम्ही, काका. आजपासून बंद. दहा दिवसांनी बघू, तारीख तशीच ठेवते."

"आणि ग्रंथी?"

"त्या त्यांचं काम करतायत. करू द्या."

"तुम्ही तर लेबल वाचलं होतं ना?" काकूंनी विचारलं.

"दोनदा वाचलं," काका म्हणाले. "एकही चूक नव्हती."

घरी येताना काका जिन्यात थांबले. "मग बरणीतलं मीठ का उतरलं नाही?"

"एका घरात दोन भाज्या कोण करत बसणार? आणि तुम्ही समोर अळणी गिळताना माझ्या घशाखाली मिठाचं उतरणार आहे का?"

"किती दिवस झाले?"

"दोन महिने झाले असतील. रेघ दिसली होती मला. म्हटलं, माणूस कामात आहे, असू दे."

काकांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. पुढचा सबंध जिना ते भिंतीकडे बघत चढले.

दहाव्या दिवशी आकडा एकशे बत्तीस आला आणि ठरल्या तारखेला शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली त्या दुपारी काका सरळ स्वयंपाकघरात गेले. बारीक म्हणून मारलेली ती रेघ चांगली बोटभर जाड होती आणि वाकडी होती. काकूंचा चेहराही उतरलेला होता, तो आज त्यांना नीट दिसला.

त्यांनी बरणी उचलली आणि काकूंच्या ताटाशी ठेवली.

"आजपासून तू तुझ्या भाजीत घालायचं. मीठ रेघेच्या खाली गेलं पाहिजे. मी रोज तपासणार आहे."