डरकाळी माध्यमाची शाळा

तर बाळांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, उगाच तिथले लोक माझ्यावर चिडतील, वानरांची एक टोळी राहत होती.

या वानरांच्या भाषेला हाळी म्हणत. शेंड्यावरून वाघ दिसला की 'खक्-खॅक', म्हणजे वर चढा. गरुड दिसला की 'चिर्र', म्हणजे खाली उतरा. यात गल्लत झाली की कारभार आटोपला. म्हणून रेवाबाई नावाची म्हातारी वानरीण जांभळाच्या झाडावर शाळा चालवायची. पोर चुकलं की बाई त्याची शेपूट ओढायच्या. अख्ख्या टोळीच्या शेपट्या त्यांनी ओढल्या होत्या, म्हणून तर टोळी जिवंत होती.

मग गुहेपाशी एक नवी शाळा निघाली. डरकाळी माध्यमाची. मुख्याध्यापक खुद्द वाघ.

"हाळीत काय करिअर आहे?" टोळीप्रमुख शेपटेसाहेब म्हणाले. "चढायचं नि उतरायचं. जगात चालते ती डरकाळी."

प्रवेशासाठी आईबापांचीही मुलाखत असायची. वाघ प्रत्येकाला हुंगायचा आणि वजन लिहून घ्यायचा. किती बारीक लक्ष देतात हो, म्हणून सगळे खूश.

कुंदा नावाच्या वानरिणीची चिंगीही तिथे जाऊ लागली. गळ्यात पट्ट्यापट्ट्यांचा टाय. वर्षभरात कुंदा पाणवठ्यावर सांगत सुटली, "आमच्या चिंगीला ना, हाळी अज्जिबात येत नाही." ही तक्रार नव्हती, बाळांनो. सांगताना तिची मान ताठ व्हायची.

रेवाबाईंनी तिला वाटेत गाठलं.

"कुंदे, पोरीला वाघाचा तेवढा शब्द शिकवू दे मला. एकच शब्द."

"नको बाई, मुलांवर ताण येतो. सर म्हणालेत, घरीसुद्धा डरकाळीच बोला."

"तुला येते?"

"पालकसभेत 'बसा' म्हणतात, तेवढं येतं. बाकी मी नुसती गुरगुरते."

मला या कुंदेचा भारी राग येतो, खरं सांगतो. आणि कीवही येते.

होता होता जांभळावर एकही पोर उरलं नाही. शाळा बंद पडली. ती बंद पडली आणि टोळीला हाळीविषयी एकदम प्रेमाचं भरतं आलं. लगेच 'हाळी गौरव दिन' ठरला. फांद्याफांद्यांवर फलक लागले. 'मी हाळीप्रेमी' असे बिल्ले वाटले. रेवाबाईंना शाल-नारळ द्यायचं ठरलं. अध्यक्ष कोणीतरी मोठा हवा होता, आणि जंगलात वाघाइतका मोठा कोण?

सोहळा मैदानात झाला. मोठी वानरं मागे, झाडांच्या बुंध्याशी. मुलं पुढे सतरंजीवर, सरांना नीट दिसावीत म्हणून.

वाघ डरकाळीत भाषण करू लागला. मोठ्यांना एक अक्षर कळेना, पण टाळ्या दणदणीत. चिंगीने मागे वळून आईला खुणेने अर्थ सांगितला. आधी सरांकडे बोट दाखवलं. मग पोटावर हात फिरवला. मग आ वासला.

"बघा, कसं भराभर समजतं तिला," कुंदा शेजारणीला म्हणाली.

रेवाबाई मात्र ताडकन उठल्या. अंगावरच्या नव्या शालीसकट त्यांनी हाळी दिली, "खक्-खॅक! खक्-खॅक!"

"बाई, तुमचं मनोगत चौथ्या क्रमांकावर आहे," शेपटेसाहेब म्हणाले. हे म्हणेपर्यंत ते स्वतः साल-झाडाच्या शेंड्यावर पोचले होते. सगळी मोठी वानरं पोचली होती. बाईंनी शेपट्या ओढून शिकवलेलं, ते पायांना बरोबर आठवलं.

खाली सतरंजीवर मुलं तशीच राहिली. सर बोलत असताना उठायचं नाही, अशी शिस्त होती.

वरून कुंदा जिवाच्या आकांताने ओरडली, "खक्-खॅक!" चिंगीला तो नुसता गोंगाट वाटला. हाताने खुणावावं तर दाट पानांतून दिसेना. पळा, हे डरकाळीत कसं म्हणायचं? बाळांनो, डरकाळीत तो शब्दच नाही. वाघाला तो कधी लागलाच नव्हता. घाबरून कुंदाने येत होता तो एकमेव शब्द गुरगुरला.

आई 'बसा' म्हणाली म्हणून चिंगी हाताची घडी घालून आणखी ताठ बसली.

मग त्या म्हाताऱ्या बाई खाली धावल्या. एकेका पोराची शेपूट धरून त्याला बुंध्यावर ढकलत गेल्या. शेवटची चिंगी. चिंगी चढली. बाईंना चढायला वेळ उरला नाही.

वाघाने शाल तेवढी बाजूला काढून ठेवली.

टोळीने दोन मिनिटं शांतता पाळली. बाईंचा पुतळा बसवायचा ठराव झाला, आणि अनावरणाला कोणाला बोलवायचं यावर चर्चाही फार लांबली नाही. कुंदा रात्रभर रडली. सकाळी चिंगीला गुहेच्या दारात सोडताना तिचे डोळे सुजलेले होते. पण घंटा व्हायच्या आत ती पोचली होती.

तात्पर्य : मुलांना खुशाल हव्या त्या माध्यमात घाला. फक्त शाळेत सोडताना, मुख्याध्यापक जेवलेत ना, एवढं विचारून घ्यावं. तेही त्यांच्याच भाषेत विचारावं, म्हणजे त्यांना आपल्या संस्कारांचं कौतुक वाटतं.