बारा वाट्यांचा एक तास

लोकांना गप्प करणं हा लेकीचा पोटापाण्याचा धंदा होता. सतरा वर्षं ती वाचनालयात काम करत होती. तिने नुसतं ओठांवर बोट ठेवलं, की शिंकायला आलेला माणूस शिंक परत घेऊन घरी जायचा. त्यामुळे शनिवारी जेवताना तिने आईला जो शब्द दिला, तो चांगला छाती फुगवून दिला.

"उद्या दहा ते अकरा तू तुझ्या खोलीत, आणि रंगांची पेटी तुझ्यासमोर. घराला आग लागली तरी तुला हाक येणार नाही. आम्ही हळूच जळू."

आई हसली नाही. ताटातलं शेवटचं शीत बोटाने इकडून तिकडे फिरवत राहिली.

"एक हाक आली ना, तर पेटी माळ्यावर," ती म्हणाली. "मग पुन्हा हा विषय काढायचा नाही. अर्धा जीव इकडे आणि अर्धा तिकडे ठेवून मला चित्र काढता येत नाही गं. त्यापेक्षा नकोच ते."

आई शाळेत चित्रकला शिकवायची. बाबा घड्याळजी. दीड वर्षापूर्वी एका सकाळी बाबांच्या उजव्या हातातून बारीक चिमटा गळून पडला, आणि त्याच्यामागोमाग उजवं अंग गेलं, नि बहुतेक सगळे शब्दही गेले. त्या दिवसापासून आईचं चित्रांचं सामान आजारपणाच्या नोकरीला लागलं. चित्र उभं करायच्या तीन पायांच्या लाकडी घोड्यावर सलाईनची बाटली लटकली. चित्राचा फळा बाबांच्या मांडीवर ताट ठेवायला गेला. रुंद ब्रशने त्यांच्या हाताला तेल लागू लागलं, आणि कोऱ्या चित्रवहीत रक्तदाबाचे आकडे मांडले गेले, पानामागून पान, जणू आईला आता तेवढीच नक्षी येत होती.

एक पेटी तेवढी वाचली. फळीवर बसून होती. तिच्यातल्या बारा वाट्यांतले रंग वाळून, तडकून, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारखे झाले होते. आई येता-जाता झाकण उघडायची, बघायची, आणि झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसं झाकण लावायची.

आता बाबा बरे होते. डाव्या हातात काठी घेऊन घरभर फिरत. शांतपणे बसले तर चार शब्दांची मोळी बांधून देत. फक्त कुणी घाई केली, की सगळे शब्द दाराशी गर्दी करत आणि बाहेर एकच पडे, "बरं, बरं."

तब्येत तर त्या आठवड्यात फारच रंगात आली होती. गुरुवारी दुपारी बाबांचे ओठ चक्क लाल दिसले. शेजारी एक निवृत्त कंपाउंडर राहायचे. अख्खी इमारत त्यांना अर्धेडॉक्टर म्हणायची, आणि त्यांना ती पदवी वाटायची. ते म्हणाले, रक्त वाढलं, मी सांगितलेल्या बिटाचा गुण. शुक्रवारी ओठ पिवळे दिसले. अर्धेडॉक्टरांनी कावीळ ठरवली, तेलकट बंद केलं, आणि संध्याकाळी बाबांनी तोंड धुतल्यावर कावीळही बंद झाली. हाही गुण त्यांनी आपल्याच खात्यावर घेतला.

तर रविवार. दहाला पाच कमी असताना आई न्हाऊन, केस बांधून, पेटी पोटाशी धरून आत गेली. दार लागलं. लेक दारासमोर स्टूल टाकून बसली, देवडीवरच्या शिपायासारखी.

आतून आधी काहीच आलं नाही. मग झाकणाचा टक्क आवाज. मग "अगं बाई!" असा उद्गार. मग बराच वेळ शांतता. आणि मग, दीड वर्षाने, गुणगुणणं. आई रंग भिजवताना नेहमी म्हणायची ती तिची स्वतःचीच ओवी:

रंगाच्या गं पेटीमध्ये बारा वाट्या, बारा बहिणी,
एक एक उठविते, बोटभर घालून पाणी.

लेकीचे डोळे भरून आले. हे आपण एकटीने ऐकायचं नाही, असं वाटून ती बाबांकडे वळली. बाबा खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. तेही ऐकत होते, मान डोलावत होते.

आणि त्यांचे ओठ निळे होते.

नुसते निळसर नव्हते. शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखे निळे.

"बाबा," लेक कुजबुजली, "श्वास लागतोय का?"

"बरं, बरं."

"छातीत दुखतंय?"

"बरं, बरं," बाबा म्हणाले, आणि घाईघाईने पायजम्याच्या खिशावर हात दाबून धरला. लेकीला वाटलं, कळ मांडीत उतरली.

आता हाक मारावी, तर पेटी माळ्यावर. ती एकदा वर गेली की खाली यायची नाही. आई शब्दाची पक्की. आणि न मारावी, तर बाबा. शेवटी तिने ठरवलं, दोन्ही वाचवायचं. जीवही वाचवायचा आणि तासही वाचवायचा, फक्त सगळं कुजबुजत करायचं. धंदाच होता तो तिचा.

तिने रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, मोठ्याने बोला. ती म्हणाली, मोठ्याने बोलता येत नाही. तो म्हणाला, केव्हापासून बोलता येत नाही? ती म्हणाली, दहा वाजल्यापासून. तो फार कनवाळूपणे म्हणाला, "ताई, तुम्ही पडून राहा, बोलू नका, आम्ही निघालोच," आणि फोन ठेवला.

मग ती अनवाणी शेजारी गेली आणि अर्धेडॉक्टरांना खुणेनेच ओढून आणलं. दारात तिने ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. मागून त्यांची बायको आली, तिनेही चपला हातात घेतल्या. जिन्यात काय चाललंय बघायला वरच्या मजल्यावरचे शिंपी उतरले, तेही चपला हातात आणि गळ्यात टेप घेऊन. खोलीत चार माणसं चवड्यांवर उभी राहिली, दूध प्यायला आलेल्या मांजरांसारखी.

"काळजी नको," अर्धेडॉक्टर घशातल्या घशात म्हणाले. "आधी नाडी."

मनगटी घड्याळ ते घरी विसरले होते. पण घड्याळजीच्या घरी घड्याळाला काय तोटा! दुकान बंद केल्यावर तिथली नऊ लंबकाची घड्याळं या भिंतीवर आली होती. दर रविवारी बाबा काठीने दाखवत आणि आई किल्ली देई. अर्धेडॉक्टरांनी मधल्या मोठ्या घड्याळावर नजर लावली, बाबांचं मनगट धरलं आणि मोजायला सुरुवात केली.

तेवढ्यात लेकीचीही नजर तिकडेच गेली. साडेदहाला दोन मिनिटं कमी होती. साडेदहाला ही नऊच्या नऊ घड्याळं ठणाणा करणार, तीही एकदम नाही, एकामागून एक, आणि आईचं लक्ष उडणार. ती स्टुलावर चढली. एक लंबक धरला, थांबवला. दुसरा धरला. एका दमात तिने नऊही लंबक थांबवले आणि शेवटचे दोन, विश्वास नको म्हणून, हातात धरूनच उभी राहिली.

खाली अर्धेडॉक्टर मोजतच होते. आधी त्यांच्या कपाळावर आठी आली. मग घाम आला.

"तीनशे बारा," ते म्हणाले, "आणि अजून एक मिनिट झालेलं नाही."

त्यांची बायको मटकन खाली बसली. शिंप्यांनी गळ्यातला टेप काढला आणि कुणी सांगितलं नसताना आरामखुर्चीची रुंदी मोजली, मग जिन्याची, आणि खुर्चीसकट पेशंट वळणावर अडकेल असं बोटांनी दाखवलं. बाबा सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होते आणि त्यांना काहीतरी सांगायचं होतं. ते इतक्या घाईने सांगायचं होतं की बाहेर फक्त "बरं, बरं, बरं, बरं" येत होतं. लेक स्टुलावरून वाकून, दोन्ही हातांत लंबक, रडवेली होऊन कुजबुजत होती, "बाबा, थोडं थांबा हो, अर्धाच तास राहिलाय."

आणि दार उघडलं.

आई उंबऱ्यात उभी होती. पांढरीफटक. हातात ब्रश.

"काय झालं?" ती म्हणाली. "घड्याळं का थांबली?"

सगळे आईच्या तोंडाकडे बघत होते. तिचेही ओठ निळे होते.

अर्धेडॉक्टर दोन पावलं मागे सरले. "साथ आहे," ते म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून आधी स्वतःच्या नाकाला बांधला.

आईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती सरळ बाबांपाशी गेली, हनुवटी धरून त्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं, आणि शाळेत एखाद्या मुलाचं चित्र तपासावं तसं डोळे बारीक करून पाहिलं. मग अंगठ्याने त्यांचा ओठ पुसला. अंगठा निळा झाला.

"हा आजार नाही," ती हळूच म्हणाली. "हा माझ्या बाराव्या वाटीतला निळा आहे."

तिने बाबांच्या खिशावरचा हात बाजूला केला. खिशातून निघाला तिचा सगळ्यात बारीक ब्रश, जो ती आत अर्धा तास शोधत होती, आणि चित्रवहीतून फाडलेलं एक पान. एका बाजूला रक्तदाबाचे आकडे. दुसऱ्या बाजूला थरथरत्या डाव्या हाताने काढलेले ठिपके, ओळीने बारा. लाल, केशरी, पिवळा, हिरवा... शेवटचा निळा अजून ओला होता.

मग लेकीला एकेक उलगडलं. गुरुवारचं रक्त. शुक्रवारची कावीळ. सगळे वामकुक्षीत असताना बाबा पेटी उघडत होते. वाळलेले रंग उठवायला पाणी लागतं, हे तीस वर्षं ती ओवी ऐकून त्यांना पाठ होतं. पण डाव्या हातात काठी. पाण्याची वाटी आणायची कुठल्या हाताने? तेव्हा खुर्चीत बसून, काठी गुडघ्यांत धरून, त्यांनी ब्रश तोंडात ओला केला होता, जसा आई करायची. रोज जमतील तितक्या वाट्या. आणि घड्याळ दुरुस्त झाल्यावर चालतंय की नाही ते बघावं, तसा प्रत्येक रंगाचा एक ठिपका काढून बघितला होता. बारावा, शेवटचा, आज आई न्हायला गेली तेव्हा.

"आणि मी आत म्हणतेय, पेटी काय चांगली निघाली, दीड वर्षाने रंग लोण्यासारखे मऊ," आई म्हणाली. तिने बाबांचा तो डावा हात दोन्ही हातांत घेतला आणि नुसता धरून बसली.

"पोटात गेला असेल तर?" रुमालामागून अर्धेडॉक्टरांनी विचारलं.

"तीस वर्षं माझ्या पोटात जातोय. शाळेच्या मुलांचे रंग आहेत ते, काही होत नाही," आई म्हणाली. "मुलांना मात्र मी ब्रश तोंडात घातला की उभं करायची."

लेक स्टुलावरून उतरली. "आई, मी हाक मारली नव्हती हं," ती चाचरत म्हणाली. "पण तास मोडला. आता पेटी..."

आई काही बोलण्याआधी बाबांनी काठी आपटली. कुणीही घाई केली नाही. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, थांबलेल्या काट्यांकडे पाहिलं, आणि एकेक शब्द चिमट्याने उचलून जागेवर बसवल्यासारखा ठेवला.

"अजून... बत्तीस... मिनिटं... आहेत."

आईने डोळे पुसले. गाल निळा झाला. ती उठली, आत गेली, आणि दार लावलं. लेकीने मोठ्या घड्याळाचा लंबक हलवला आणि ती बत्तीस मिनिटं सुरू झाली.

कुणी घरी गेलं नाही. बाहेरचं दार करकरतं ना. सगळे जमिनीवर बसून राहिले, चपला मांडीवर घेऊन. मध्ये रुग्णवाहिकेची दोन माणसं आली, दम लागलेली बाई कुठली म्हणून विचारू लागली. लेकीने ओठांवर बोट ठेवलं. तीही बसली.

अकराला आई चित्र घेऊन बाहेर आली. काढायला बसली होती खिडकीतली कुंडी. ती तशीच कोपऱ्यात अर्धवट राहिली होती. बाकी सगळं चित्र तिने दार उघडल्यावर पाहिलेल्या खोलीचं होतं. चवड्यांवर उभी माणसं, हातात चपला, शिंप्यांचा टेप, मध्ये राजासारखे बाबा. अख्ख्या चित्रात निळा रंग एकाच ठिकाणी होता. अर्धेडॉक्टर म्हणाले, माझं पोट एवढं नाही. बाबा चित्राकडे बघत राहिले आणि "बरं, बरं" म्हणाले, आणि त्या वेळी त्यांना तेच म्हणायचं होतं.

लेक मात्र जरा खट्टू झाली. चित्रात ती स्टुलावर होती, हातात दोन लंबक, आणि तोंड वासलेलं, पार पडजीभ दिसेल इतकं.

"आई, मी कुजबुजत होते."

"हो का?" आई ब्रश धूत म्हणाली. "मला तर दहा वाजल्यापासून तुझा शब्द न् शब्द आत ऐकू येत होता. म्हटलं, नेहमीचंच चाललंय, कशाला उठा. घड्याळं थांबली तेव्हा घाबरले."