पेडण्याच्या बसमधले ऋषी

सगुणबाबांच्या मते दुर्वास ऋषी पेडण्याहून म्हापशाला जाताना नेहमी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसत. "मागे बसवले की शाप देत. मी काय करणार? गाडी माझी, पण तोंड त्यांचे," असे ते देवळाच्या सभामंडपात माइकसमोर बसून अत्यंत गंभीरपणे सांगतात, आणि मंडप हसून हसून बेजार होतो.

सदर विधानास कोणत्याही पुराणात आधार नाही. तसे मी देवस्थान समितीस लेखी कळवले आहे.

सगुणबाब माझे शेजारी. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक काजूचे झाड आणि त्या झाडासंबंधीचा माझा पत्रव्यवहार आहे. त्यांनी जन्मभर पेडणे-म्हापसा मार्गावर खाजगी बस चालवली. मी जन्मभर डिचोलीच्या न्यायालयात कारकून होतो. निवृत्तीनंतर दर सोमवारी गावच्या देवळात प्रवचन करण्याचा मान समितीने मला दिला, आणि मी तो जबाबदारीने सांभाळला. प्रत्येक वाक्याला आधार, प्रत्येक आधाराला अध्याय आणि श्लोक. श्रोते मोजके असत: समितीचे अध्यक्ष, दोन वृद्ध स्त्रिया आणि देऊळ बंद करायचे असल्यामुळे थांबलेले पुजारी. पुढे एका सोमवारी मला ताप आला. समितीने वेळ मारून नेण्यासाठी सगुणबाबांना बसवले. ते बसले ते बसलेच.

त्यांच्यापुढे ग्रंथ नसतो. उजवा हात स्टिअरिंगवर ठेवल्यासारखा हवेत असतो, आणि सुरुवात ठरलेली: "ऋषी म्हणजे कोण रे? आपलोच मनीस. फकत खाड लांब." खाड म्हणजे दाढी. मग विश्वामित्रांनी सदेह स्वर्गाला पाठवलेला त्रिशंकू म्हणजे मोपा विमानतळावर घिरट्या घालणारे विमान होते. वर जागा नाही, खाली परवानगी नाही. समुद्र पिणाऱ्या अगस्तींना पाळीच्या खाणीवर आणले असते तर खंदकातले पाणी उपसायचे पंप वाचले असते, असेही ते सांगतात. आणि लोकांना हसवता हसवता मध्येच आवाज उतरवतात. याज्ञवल्क्य घर सोडून निघाले आहेत, दोघी बायकांत वाटणी करत आहेत, आणि मैत्रेयी विचारते की जे घेऊन मी अमर होणार नाही, ते घेऊन मी काय करू? "शेत नको म्हणाली ती. भांडी नकोत म्हणाली. तुला जे कळले आहे तेवढे दे म्हणाली. आमच्या घरवालीने असे विचारले असते, तर आम्ही काय दिले असते?" मंडपात बायका पदराने डोळे पुसतात. हाच प्रसंग मी भाष्यांतील मतभेदांसह पूर्ण तासभर सांगितला होता. तेव्हा दोनपैकी एक वृद्धा झोपली होती.

मला त्यांचा मत्सर वाटे. हा शब्द मी विचारपूर्वक लिहितो. इतरांच्या शपथेवरील जबान्या जन्मभर सांभाळल्यावर स्वतः खोटे लिहिणे शोभत नाही.

मी समितीस पत्रे लिहिली. निराधार कथन, पूर्वापार वक्त्याचा हक्क, लेखी ठरावाचा अभाव. सगुणबाबांना त्या पत्रांचा राग येत नसे, हे मला अधिकच अपमानास्पद वाटे. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीपाशी पाव घेताना ते विचारत, "काय वकीलबाब, आज कोणाक नोटीस?" मी वकील नव्हतो, हे मी त्यांना अनेकदा सांगितले होते.

अखेर समितीने, कोणालाच दुखवायचे नसले की आमच्याकडे जे करतात, तेच केले. देवाला प्रसाद लावायचे ठरले. पुजारी पाकळ्या ओल्या करून मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवतात. जी आधी पडेल, तो देवाचा शब्द. उजवी पडली तर व्यासपीठ माझे, डावी पडली तर सगुणबाबांचे, आणि हा निर्णय कायमचा. मी एकच अट घातली: दोघांनी आपापले गाऱ्हाणे लेखी, बंद पाकिटात देवापुढे ठेवावे आणि नंतर ते दप्तरात जतन व्हावे. माझे चार पानांचे झाले. सगुणबाबांना सहीपुरतेच लिहिता येते, म्हणून त्यांचे पुजाऱ्यांनी लिहून घेतले. माझ्या पाकिटाची जाडी पाहून सगुणबाब म्हणाले, "वकीलबाब, देवाकडे तरी पोच मागू नका."

बराच वेळ काहीच हलले नाही. मग उजवी पाकळी पडली.

पुढच्या सोमवारी मी व्यासपीठावर बसलो, तर सगुणबाब पहिल्या रांगेत. प्रत्येक श्लोकाला "वा!" म्हणत होते. कोणी उठू लागले की दटावत, "बस गो, अजून शाप व्हायचा आसा." ही उघड थट्टा आहे, असे मी मानले. दुसऱ्या दिवशी तक्रारीचा मसुदा तयार केला: पराभूत पक्ष कार्यक्रमात व्यत्यय आणत आहे. सोबत जोडण्यासाठी त्यांच्या गाऱ्हाण्याची प्रत मागायला देवळात गेलो.

पुजारी म्हणाले, "भाऊ, ते राहू दे."

मी म्हणालो, "ते दप्तर आहे. मला पाहण्याचा अधिकार आहे."

त्यांनी कपाट उघडले. एकच पान होते.

"देवा, सोमवारी लोक हसतात ते मला बरे वाटते. माझे दोन्ही मुलगे लंडनला, घरात कोण नाही. त्या एका दिवसावर माझा आठवडा जातो. पण मी तिठ्यावर उभा राहिलो तरी माणसे माझ्याशी बोलतात. वकीलबाबांशी कोण बोलत नाही, सगळे पत्राला भितात. तिन्हीसांजेला ते घरात एकटेच मोठ्याने वाचतात. मी खिडकीखाली उभा राहून ऐकतो. माझे अर्धे ऋषी मला तिथेच भेटले. त्यांना समोर बसणारी माणसे दे. उजवी पाकळी पाड."

मी ते पान दोनदा वाचले. कोणत्याही पक्षाला प्रतिपक्षाच्या बाजूने दाद मागता येत नाही. हे गाऱ्हाणे प्रथमदर्शनीच रद्द होण्याजोगे होते. पुजाऱ्यांना तसे सांगावे म्हणून मी तोंड उघडले, आणि पान घडी करून त्यांच्या हातात परत दिले. प्रत मागितली नाही.

त्यानंतरच्या सोमवारी ग्रंथ उघडून मी पहिल्या रांगेकडे पाहिले आणि म्हणालो, "सगुणबाब, वर या."

"ना, ना. देवाचा निकाल तो."

"निकाल मी वाचला आहे. वक्त्याने एकट्यानेच बसावे, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही."

ते गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि पायरी चढून आले. मी श्लोक वाचला, अर्थ सांगितला आणि माइक त्यांच्याकडे वळवला. दोन मिनिटांत मंडप हसू लागला. मला मत्सर वाटला. व्यासपीठ एकट्या माणसापुरतेच केलेले आहे. त्यांना नीट बसता यावे, म्हणून मी थोडा सरकलो.