तुलियाचं पहिलं बाळंतपण

आफ्रिकेतल्या ज्या प्रकल्पावर मी स्वयंसेविका म्हणून गेले, तिथे जिवंत हत्तींचा विभाग नदीपलीकडे होता आणि मेलेल्या हत्तींचा अलीकडे. मला अलीकडचा मिळाला.

आमच्या फलटणच्या महिला मंडळातून दर हिवाळ्यात एक बाई तिथे जाते. माझ्या आधी गेलेल्या निंबकरबाईंना पलीकडचा विभाग मिळाला होता. त्या पुष्कळ फोटो घेऊन आल्या आणि मंडळात ते सगळ्यांना दोनदा पाहावे लागले. मीही फोटो काढले, पण त्यात नुसतं गवत आलं.

काम अवघड नव्हतं. सकाळी हौद भरायचा. पाणी संध्याकाळपर्यंत तेवढंच राहायचं, तरी दुसऱ्या दिवशी ते बदलायचं. मग एकेका हत्तीपाशी जाऊन त्याच्याशी बोलायचं. मेलेल्या हत्तीशी कुणी बोललं नाही तर तो विरळ होत जातो. त्याच्या अंगातून आधी मागचं झाड दिसू लागतं, मग झाडावरचा पक्षी, आणि एक दिवस पक्षीच दिसतो. म्हणून बोलायचं. काय बोलायचं यावर बंधन नव्हतं. मी त्यांना भाजीचे भाव सांगत असे, आमच्या ह्यांचा गुडघा कसा दुखतो ते सांगत असे. ते ऐकायचे. त्यांच्या पायाखाली गवत वाकायचं नाही, पण कान हलले की वारा लागायचा.

प्रकल्पाच्या अधिकारी नदुकूबाई तिथल्याच. तरुणपणी त्या पुण्यात शिकायला होत्या, त्यामुळे मराठी चांगलं बोलत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला तुलिया दाखवली.

तुलिया पहिलटकरीण होती. दिवस भरत आले असताना शिकाऱ्यांनी तिला गोळी घातली. त्याला बरीच वर्षं झाली होती, पण तिच्या पोटातलं अजून हलत होतं. दुपारी ती स्वतःच्या हाडांपाशी उभी राहायची आणि पोटाच्या एका बाजूला आतून काहीतरी टेकायचं, बाहेर यायचं, परत आत जायचं.

"मग ही बाळंत का होत नाही?" मी विचारलं.

"हत्तिणीचं बाळंतपण एकटीनं होत नाही, शालनताई. तिची आई, मावश्या भोवती रिंगण धरतात. तोंडं बाहेर करून उभ्या राहतात. मग ती मोकळी होते."

"आणि हिची आई?"

"पलीकडे आहे. जिवंत आहे. तिला अलीकडचं दिसत नाही."

तुलियाच्या अंगातून मला मागची बाभूळ दिसत होती. काटेसुद्धा.

मी तिच्याकडे रोज जरा जास्त वेळ थांबू लागले. काय बोलायचं ते आपोआप सुचायचं. जड वस्तू उचलू नकोस म्हणायची, उन्हात उभी राहू नकोस म्हणायची. एकदा निघताना तिच्या पायावरून हात फिरवला. हाताला गार लागलं, माठाला लागतं तसं. आणि मी म्हटलं, "काळजी करू नकोस गं पोरी. बाळंतपणाला माझ्याकडे ये हो."

तिचे दोन्ही कान ताठ झाले आणि तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी नदुकूबाईंनी मला कचेरीत बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला.

"काल तुम्ही तुलियाला काय म्हणालात?"

"नेहमीचंच. पाणी घे म्हटलं. ऊन फार आहे म्हटलं."

"त्यानंतर?"

मी आठवून सांगितलं. नदुकूबाईंनी डोळे मिटले.

"अहो, ते आपलं म्हणायचं म्हणून," मी म्हटलं.

"रीत म्हणून."

"हो ना. रीत म्हणून."

"पुण्यात आमच्या घरमालकीणबाई मला म्हणाल्या होत्या, या हं एकदा जेवायला. मी त्याच रविवारी गेले. मैत्रिणीची साडी नेसून गेले. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, अगंबाई, तू खरंच आलीस!"

"मग जेवलात का?"

"पोहे दिले." त्यांनी कपात पाहिलं. "माणसाला हळूहळू कळायला लागतं. हत्तीला रीत कळत नाही. मेलेल्या हत्तीला तर मुळीच नाही. तुम्ही ये म्हणालात, ती येणार. नको असेल तर तिच्यासमोर जाऊन शब्द मागे घ्यावा लागेल."

"मागे घेतला तर तिला वाईट वाटेल का?"

"ती संपेल. तशीही ती फार टिकेल असं नाही. पण मग लगेच."

"आणि पोटातलं?"

"ते तिच्याबरोबर."

मी चहा तसाच ठेवला आणि तुलियाकडे गेले. काय म्हणायचं ते वाटेत जुळवलं होतं. आमचं घर लहान आहे, ह्यांना पेन्शन बेताची आहे, आम्हाला कसली सवय नाही. शेवटची गोष्ट खरी होती. आम्हाला मूल झालं नाही. आमच्या घराला कुणी कधी माहेर म्हटलं नाही. दर वैशाखात शेजारपाजारच्या लेकी यायच्या, अंगणात दुपटी वाळत पडायची, आणि मी त्यांच्याकडे डिंकाचे लाडू करून द्यायला जायची. लाडू माझे चांगले होतात.

तुलियाचे कान अजून ताठच होते. पोटात ते टेकलं, मोठं होऊन बाहेर आलं आणि बराच वेळ तसंच राहिलं. जणू तेही ऐकत होतं.

"तुलिया," मी म्हटलं, "मी काल रीत म्हणून बोलले. आज खरं म्हणते. ये."

तेव्हा कुठे तिने कान खाली सोडले.

प्रकल्पावरून घरी निघताना मी नदुकूबाईंना विचारलं, "पण ती येणार कशी? मध्ये समुद्र आहे."

"समुद्र जिवंतांसाठी असतो," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. हे दूध संघात होते, हिशेबाला पक्के. त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

"हत्तीण? खाते किती?"

"खात नाही. ती वारलेली आहे."

"मग हरकत नाही." थोडं थांबून म्हणाले, "आपल्या फाटकातून येईल का?"

"तिला फाटक लागत नाही."

"तिला नसेल लागत. पिल्लाला लागेल ना बाहेर पडताना?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पिल्लू कसं होईल, इकडचं की तिकडचं, हे नदुकूबाईंनाही सांगता आलं नव्हतं. ह्यांनी पाना आणून फाटकाचं एक दार काढलं आणि ते भिंतीला टेकवून ठेवलं. गुडघा दुखत असताना काढलं.

मी डिंक, खारीक, खोबरं आणलं. शेगडीला नवे कोळसे आणले. शेजारच्या कुमुदवहिनी कुंपणावरून विचारू लागल्या.

"काय शालनताई, कुणाची तयारी?"

"पहिलटकरीण येतेय."

"भाचीबिची का?"

"नाही. प्रकल्पावरची."

"बरं झालं बाई," कुमुदवहिनी म्हणाल्या. "घर कसं भरल्यासारखं वाटेल."

ती आली तेव्हा दुपार होती आणि पान हलत नव्हतं. दोरीवरचे कपडे एकाएकी एका बाजूला उडाले, थांबले, पुन्हा उडाले. मी बाहेर आले. तुलिया पेरूच्या झाडापाशी उभी होती. इतकी विरळ झाली होती की तिच्यातून कुंपणाच्या विटा आणि विटांमधला चुना स्पष्ट दिसत होता. मी आत जाऊन भाकरतुकडा आणला, तिच्यावरून ओवाळून टाकला आणि पायांवर पाणी घातलं. पाणी जमिनीवर पडलं. तिने सोंड माझ्या खांद्यावर ठेवली. वजन नव्हतं, पण खांदा गार पडला, आणि तो आजही तेवढ्या जागी गार असतो.

हे लगेच मंडळाच्या बायकांना बोलवायला गेले.

सगळ्या आल्या. निंबकरबाई तर चष्मा बदलून आल्या. मी सांगितलं की रिंगण धरायचं आणि तोंडं बाहेर करायची. मागे वळून पाहायचं नाही.

"फेर धरायचा का?" कुणीतरी विचारलं.

"नाही. नुसतं उभं राहायचं."

"पलीकडच्या विभागात असलं काही करावं लागलं नव्हतं," निंबकरबाई म्हणाल्या आणि पदर खोचून उभ्या राहिल्या.

आम्ही हात धरून उभ्या राहिलो. माझ्या एका हातात कुमुदवहिनींचा हात होता. समोर रस्ता दिसत होता. भाजीवाला गेला, पोस्टमन गेला. दोघांनीही आमच्याकडे पाहून सायकली हळू केल्या. पाठीमागे काही आवाज नव्हता. श्वासाचासुद्धा नव्हता. फक्त आमच्या पाठी हळूहळू गार होत गेल्या, पाटाच्या पाण्यात उभं राहिल्यासारख्या. कुमुदवहिनींचे दात वाजायला लागले.

"शालनताई, सोडू का हो हात?"

"सोडू नका."

मग जमिनीवर काहीतरी धप्पदिशी पडलं. तुलिया आल्यापासून तिच्या बाजूने आलेला तो पहिला आवाज.

आम्ही वळलो. पिल्लू ओलं होतं आणि उठायची खटपट करत होतं. त्याच्यातून काहीच आरपार दिसत नव्हतं. त्याच्याखालचं गवत दबलं होतं.

हे पायरीवर उभे होते. "सावली आहे," ते म्हणाले. "अगं, त्याला सावली आहे."

ती मुलगी होती.

त्यानंतर सव्वा महिना आमच्याकडे माहेरपण होतं. मी तुलियाला शेगडीवर ओव्याची धुरी देत असे. धूर तिच्यातून सरळ वर जायचा. लाडू तिच्यापुढे ठेवून नंतर आम्हीच खायचो. पिल्लाला मी तेल लावायची. ते आईच्या पुढच्या पायांमध्ये शिरून दूध प्यायचं. दूध दिसायचं नाही, पण पिल्लाचं तोंड पांढरं व्हायचं आणि ते बाळसं धरत होतं. मंडळाच्या बायकांनी मिळून झबलं शिवलं. माप चुकलं, म्हणून कानटोपी केली, तीही चुकली.

"बाळ अगदी आईवर गेलंय," कुमुदवहिनी म्हणायच्या. मग तुलियाकडे डोळे बारीक करून बघायच्या. "बहुतेक."

तुलिया दिवसेंदिवस विरळ होत होती, मी कितीही बोलले तरी. नदुकूबाईंचा फोन आला. तुलियाची आई नदीकाठी येऊन आमच्या दिशेला तोंड करून उभी राहू लागली होती. दिवसभर हलत नव्हती.

"पाठवा आता त्यांना," नदुकूबाई म्हणाल्या. "पिल्लू पलीकडच्या विभागात जाईल. आजी सांभाळेल."

"पण पिल्लू जिवंत आहे. समुद्र?"

"ते आईच्या पोटाखालून चालेल. आईच्या पोटाखाली असलेल्याला समुद्र लागत नाही. पण आई पुरली पाहिजे. उशीर करू नका."

मी तुलियाची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण पेरूखाली ठेवला. पिल्लाच्या कानामागे काजळाची तीट लावली. ती दिसली नाही, पण लावली. ह्यांनी फाटकाचं उरलेलं दारही उघडून बांधून ठेवलं, वाऱ्याने लागू नये म्हणून.

लेक निघाली की आई म्हणतेच, राहा की गं अजून चार दिवस. मी हे वाक्य शेजारच्या सगळ्या अंगणांतून ऐकलेलं होतं. कुणी राहायचं नाही आणि कुणी राहावं अशी कुणाची अपेक्षाही नसायची. ते माझ्या ओठावर आलं. मला ते रीत म्हणून म्हणायचं नव्हतं, अगदी खरं म्हणायचं होतं, आणि तुलिया फाटकात थांबून कान माझ्याकडे करून उभी होती. म्हटलं असतं तर ती राहिली असती. चार दिवसांत ती पुरती संपली असती, आणि पिल्लू आमच्याकडेच राहिलं असतं.

मी पदर तोंडात धरला.

तुलिया वळली. पिल्लू तिच्या पोटाखाली शिरलं आणि त्याची सावली रस्त्यावर दोघींची म्हणून चालू लागली.

तेवढ्यात कुमुदवहिनी डोळे पुसत कुंपणापाशी आल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "सांभाळून जा गं! आणि पुढच्या वेळेला आमच्याकडे उतर हो!"

रस्त्याच्या वळणावर दोन कान ताठ झाले. त्यांच्यातून पलीकडचा विजेचा खांब दिसत होता.

"वहिनी," मी विचारलं, "खरं म्हणालात, की रीत म्हणून?"

कुमुदवहिनी त्या कानांकडे पाहत राहिल्या.

सकाळी मी उठले तेव्हा त्यांनी कर्दळीचा वाफा काढून अंगण मोकळं केलं होतं, आणि त्या ह्यांच्याकडे पाना मागायला आल्या होत्या.