पायलीवर मोजलेल्या कथा

आमच्या वाईजवळच्या गावात कथा पायलीवर मोजतात. म्हणजे सगळं गाव नाही, एकटे सुभेदार रंगराव. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पिठाची गिरणी घातली आणि दळणाला आलेल्या माणसाला रिकामं बसू द्यायचं नाही असं ठरवून टाकलं. जुन्या दिवाळी अंकांतल्या कथा ते सुट्ट्या करतात, दाभणानं शिवतात, खाकी कव्हर घालतात आणि वर माप लिहितात. अर्धी पायली, एक पायली, दोन पायली. तेवढं धान्य दळून होईपर्यंत कथा वाचून संपली पाहिजे.

मी इथल्या हायस्कुलात मराठी शिकवतो. पहिल्यांदा डबा घेऊन गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "किती हाय?"

"दोन पायली गहू."

"मग ही घ्या. जरा रडवती, पण गव्हाला चालतंय. बाजरी असती तर दिली नसती."

बाजरीला का नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

वाचून 'छान आहे' म्हणणाऱ्याची तिथं धडगत नसते. "छान तर च्या बी असतोय. कथेचं बोला!" लेखकांना त्यांनी फौजेतले हुद्दे दिलेत, तेही कव्हरवर मापाखाली लिहिलेले. नवा लेखक शिपाई. एखादं माणूस जिवंत उभं केलं की नाईक. शेवटी अपघात घडवून सगळ्यांना मोकळं करणाऱ्याची फीत जागेवर उतरते. एका नावाजलेल्या लेखकाला तर त्यांनी सुभेदाराचा थेट शिपाई केला, कारण त्याच्या लागोपाठ तीन कथांत बायको खिडकीशी उभी राहून बाहेर बघत होती. "घरात कामं न्हाईत व्हय तिला?"

बढती मिळालेल्याला पोस्टकार्ड जातं: 'आपणास हवालदार करण्यात येत आहे. म्हातारीचं बोलणं लय आवडलं.' आजवर एकाचंही उत्तर आलेलं नाही. "गडी कामात असतील," सुभेदार म्हणतात आणि पुढचं कार्ड लिहायला घेतात. मी हसायचो. पण मी कथा शिकवतो आणि हा माणूस कथा वाचतो, हे मला लवकरच कबूल करावं लागलं.

एकाच कथेवर हुद्दा लिहिलेला नव्हता. माप एक पायली, लेखिका शालनकाकी. म्हणजे त्यांचीच बायको, गिरणीत डब्यांची झाकणं लावणारी.

"मी बॉर्डरवर हुतो तवा लिहिली," सुभेदार हळू आवाजात म्हणाले. "एवढी एकच. परत पेन धरला न्हाई तिनं. मी लय सांगून बघितलं, पण घरच्याचं कोण धरतंय? तुमी वाचा आन् तिच्याम्होरं खरं बोला. खोटं तिला कळतंय. ती परत लिहाया बसली पायजे सर, बास. दुसरं काय न्हाई."

मी वाचली. शिपायाची बायको दिवसभर नवऱ्याच्या पत्राची वाट बघते, आलेलं पत्र आधी एकटीनं वाचावं म्हणून सासूपासून दडवते आणि संध्याकाळी नवराच दारात उभा राहतो, अशी कथा. दुसऱ्या दिवशी वीज गेली होती, गिरणी थंड. काकी समोरच होत्या. मी म्हणालो, "काकी, सासू पत्राचं विचारते आणि सून 'लाइटबिल हाय' म्हणून ते पदरात दडवते, तसलं मला जन्मात सुचणार नाही. फक्त शेवट... तो शिपाई ओढून आणल्यासारखा वाटतो."

सुभेदारांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मनातल्या मनात दुसरी गिरणी शोधायला लागलो. "आवं सर! गावाला शेवटच तर आवडतोय!"

काकी मात्र हसल्या. "वडूनच आणलाय त्याला. मी लिहिला तवा तो येतच न्हवता. ह्यांना वाचाया धाडली. ह्यांचं बर्फातनं पत्र आलं, 'बाकी झकास, तेवढं मला घरी येऊ दे.' मग काय करनार? आणला."

"आणि नंतर लिहिलंच नाहीत?"

"जे लिहाया घ्यावं त्यात ह्यांचाच जीव अडकायचा. कागदावर काय वंगाळ लिहिलं तर ह्यांना तसंच हुईल, असं भ्याव वाटाया लागलं. ठिवला पेन."

सुभेदार गव्हाच्या पोत्यावर मटकन बसले. इतक्या लेखकांच्या फिती उतरवणारा हा माणूस, पण त्यांच्याच एका ओळीनं घरातली लेखिका गप्प केली होती, हे त्यांना आज कळत होतं. मला फार वाईट वाटलं.

"शालन," ते म्हणाले, "मी आलो की गं घरी. कवाच आलो. आता मार त्याला बिनघोर."

काकी उठल्या. पदरानं हात पुसून घरात गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून गिरणी दुपारची बंद. घर गिरणीला लागूनच, पट्टा फिरायला लागला की भिंती थरथरतात, लिहिणं थांबतं. ऐन लग्नसराईत डबे घेऊन आलेल्या बायका चिडल्या, तर सुभेदार ओठावर बोट ठेवून म्हणाले, "संध्याकाळी या. आत लिखाण चाललंय."

मी शाळा सुटल्यावर तिकडून गेलो तर ते पायरीवर दाराकडं पाठ करून बसले होते.

"वाचायला मिळाली का?"

"मी न्हाई वाचनार. आधी मला दाखवली तितंच घोळ झाला." त्यांनी आत कानोसा घेतला आणि माझा हात घट्ट धरला. "सर, आज मारतीया वाटतं."

त्यांचे डोळे डबडबले होते. तरीही त्यांनी गिरणी सुरू केली नाही.